कुंपणाला तार किती

त्या खोलीच्या दारावर ‘वैयक्तिक मार्गदर्शन कक्ष’ अशी निळी पाटी होती, पण अख्खी शाळा तिला आयसीयूच म्हणायची. आत जाणारा तो पेशंट, बाहेर पडला की डिस्चार्ज. मधल्या सुट्टीत पोट्टे खिडकीतून डोकावून विचारायचे, सलाईन लागली का बे, आणि आतले पेशंट मागे वळूनही पाहायचे नाहीत, कारण गावंडे सरांचा नियम होता: एका मुलाला एक टेबल आणि टेबल भिंतीला चिकटलेलं. म्हणजे लक्ष उडत नाही. सर मग स्टूल सरकवत सरकवत एकेकाजवळ यायचे आणि ज्याला जेवढं झेपतं तेवढंच, त्याच्या कलानं शिकवायचे. खोटं कशाला बोला, शिकवायचे चांगलंच.

खुशी सहावीत आत गेली तेव्हा तिच्या तोंडातून शब्द निघत नव्हता. हजेरीला ‘येस सर’ म्हणायची तेही ओठांतल्या ओठांत, आणि मग गैरहजेरी लागायची. बाजूच्या भिंतीला नाजिया बसायची. कोपरा असा होता की मान न वळवता दोघींना एकमेकींचं तोंड दिसायचं. दोघी बोरी अरबच्या, रोशनच्या एकाच ऑटोतून येणाऱ्या. पण गावात त्यांची ओळख नव्हती, ती झाली आयसीयूत.

नाजिया नकला करायची. गावंडे सर स्टुलावरून उठताना पँट कशी वर ओढतात, घंटा द्यायला निघालेल्या विमलताई आधी पदर कसा खोचतात आणि मग कोणी बोलावलं नसतानाही ‘आले वो’ कशा म्हणतात, हे ती भिंतीकडे तोंड करून करायची आणि खुशी हसू दाबता दाबता टेबलावर डोकं टेकायची. तू कशी करतं हे, असं खुशीनं एकदा विचारलं. नाजिया म्हणाली, त्यात काय आहे, आधी माणसाचा हात पाहायचा, कोणता हात कुठं जाते ते. तोंड मागून आपोआप येते. ऑटोत ती खुशीकडून करून घ्यायची. मोठ्यानं, अजून मोठ्यानं, त्या म्हशीले ऐकू गेलं पाहिजे. पहिल्यांदा खुशीनं विमलताईंचं ‘आले वो’ इतक्या जोरात काढलं की रोशननं ब्रेक मारला. त्या दिवशी खुशीला कळलं की तिच्याकडे आवाज आहे.

आवाज सापडला आणि मग गणितही सापडलं. बंद पडलेला मोटरपंप एकदम पाणी फेकू लागावा तसं झालं तिचं. आठवीच्या सहामाहीत ती वर्गात तिसरी आली, सरांनी तिला सगळ्यांसमोर डिस्चार्ज दिला आणि शर्टावर ‘बालशिक्षक’ लिहिलेला पिवळा बिल्ला लावला. आता ती आयसीयूत जायची ती शिकवायला. स्टूल ओढून बसायची, सरांसारखीच. आणि तिला पहिली पेशंट मिळाली नाजिया.

नाजियाचा आजार वेगळा होता. कागदावर तिला येत होतं. हळू, पण येत होतं. उभं करून विचारलं की संपलं. श्वास अडकायचा, हात केसात जायचा, आणि मग जे उत्तर शेवटचं डोक्यात असेल तेच तोंडातून पडायचं, प्रश्न कोणताही असो. एकदा सरांनी भारताची राजधानी विचारली तर ती म्हणाली, बहात्तर. वर्ग आठवडाभर बहात्तर बहात्तर करत होता. हसणाऱ्यांत खुशी नव्हती. तेव्हा नव्हती.

एप्रिलमध्ये शाळेनं गावोगाव कार्यक्रम करायचं ठरवलं. जूनचे प्रवेश त्याच्यावरच होते. बाजाराच्या दिवशी चौकात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी करायची, वर बॅनर, खाली खुर्च्या, आणि पालकांना डोळ्यांनी दाखवायचं की वैयक्तिक लक्ष म्हणजे काय. सरांनी आखलेला कार्यक्रम सोपा होता. आधी बालशिक्षक खुशी लोकांनी विचारलेली गणितं फटाफट सोडवणार. मग त्याच गावचं एक मूल वर येणार, त्याला एक प्रश्न येणार नाही, खुशी त्याला तिथल्या तिथं, एकटीनं एकट्याला, समजावून देणार, आणि मूल बरोबर उत्तर देणार. टाळ्या. मग फी आणि बसची माहिती. बोरी अरबसाठी मूल कोण, तर नाजिया.

नाजियाचे अब्बू सरदारभाई मोटारी भरायचे. जळालेली मोटार उघडून तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची, अख्ख्या पंचक्रोशीचं पाणी त्यांच्या हातावर चालायचं म्हणा ना. नाजियाच्या धाकट्या दोघी गावातल्याच उर्दू शाळेत होत्या आणि बऱ्या चालल्या होत्या. थोरलीला मात्र त्यांनी हौसेनं तालुक्याला घातलं होतं. आता ते घरी म्हणाले होते, रागानं नाही, जेवता जेवता, की फरक दिसला पाहिजे. कार्यक्रम आहे तर मी बघतो. दिसला तर नववीही तिथंच. नाही तर जूनपासून इथं. आणि इथं म्हणजे एक वर्ग मागे, परत आठवीत, धाकट्या बहिणीच्या बाकावर तिच्या बाजूला.

हे नाजियानं ऑटोत सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच कोणाची नक्कल न करता बोलत होती.

प्रश्न ठरला होता. चाळीस मीटर लांब आणि पंचवीस मीटर रुंद वावर, क्षेत्रफळ किती. उत्तर हजार. दोघी रोज ऑटोत तालीम करायच्या. नाजियानं आधी चुकायचं, पासष्ट म्हणायचं, मग खुशीनं हवेत बोटानं चौकोन काढून समजवायचं, मग नाजियानं हजार म्हणायचं. उभ्यानं म्हणायची सवय व्हावी म्हणून ती चालत्या ऑटोत दांड्याला धरून अर्धी उभी राहायची आणि बाजूनं जाणाऱ्या एसटीकडे पाहून ओरडायची, हजार चौरस मीटर. रोशन म्हणायचा, पोरी, बस खाली, पडशीन तर मी हजार जागी जाबाब देत बसू का.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी उतरताना नाजियानं खुशीचं दप्तर धरून ठेवलं.

“खुशे, हेच विचारजो. दुसरं काही नको. मले उभ्यानं दुसरं येत नाही, तुले माहीत आहे.”

“मी कायले दुसरं विचारू? वेडी आहे का तू?”

“आईची शप्पथ?”

खुशीनं आईची शप्पथ घेतली. गळ्याला चिमटा लावून घेतली.

बाजाराच्या दिवशी ऊन असं होतं की ट्रॉलीचा पत्रा चपलेतून भाजत होता. सरदारभाईंनी आपल्या दुकानातला भलामोठा पंखा आणून ट्रॉलीकडे तोंड करून लावला होता, शाळेनं मागितलाही नव्हता. स्वतः पहिल्या रांगेत, धुतलेला पांढरा सदरा घालून. मागे बाजारचे लोक, हातात पिशव्या, अर्धे उभे.

खुशी वर चढली आणि तिचा पहिला भाग झोकात झाला. कोणी म्हणालं सतरा गुणिले सहा, कोणी म्हणालं साडेतीन क्विंटल तुरीतून पाऊण क्विंटल गेली तर, आणि खुशी माईक एका हातातून दुसऱ्या हातात उडवत उत्तरं फेकत होती. टाळ्या पडल्या. पण कशा, तर ओळखीच्या घरच्या पोरीला पडतात तशा. खुशी हुशार आहे हे गावाला सहामाहीपासून माहीत होतं. तिच्या आईनं कोणाला सांगायचं बाकी ठेवलं होतं का?

मग नाजिया वर आली. ठरल्याप्रमाणे पासष्ट म्हणाली. लोक थोडं हसले. खुशीनं हवेत चौकोन काढला. ओळीत चाळीस डबे, अशा पंचवीस ओळी, सांग मग. नाजियानं अब्बूंकडे पाहिलं, आणि भोंग्यातून स्वच्छ आवाज आला, हजार चौरस मीटर.

आणि जी टाळी पडली ना. पाठीमागून कोणी शिट्टी मारली. सरदारभाईची पोट्टी पक्की झाली, असं कोणीतरी म्हणालं. सरदारभाई अर्धे उठले, कुठं पाहावं कळेना म्हणून पंख्याकडे पाहू लागले. बहात्तरवाली नाजिया उभ्यानं बोलली होती. हे नवीन होतं, आणि बाजाराला नवीन लागतं. खुशी माईक धरून बाजूला उभी होती आणि तिच्याकडे कोणीच पाहत नव्हतं. चौकोन तिनं काढला होता. डबे तिचे होते.

एवढ्यात मागून धावजी नावाचे म्हातारे, तांड्यावरून बाजाराला आलेले, कांद्याच्या पोत्यावर बसल्या बसल्या म्हणाले, “पाठ करून आणलं हे. पाठ तं पोपट बी करते.”

लोक खी खी हसले. ते हसणं काही फार मोठं नव्हतं. गावंडे सरांनी तर ऐकूनही घेतलं नाही, ते फी सांगायला उठतच होते, पँट वर ओढत. तेवढ्यात माईकवर खुशीचा आवाज आला.

“पाठ नाही केलं, काका. थांबा, आता न सांगितलेलं विचारते.”

सरांनी खालून हात हलवला, नको. खुशीला तो हात दिसला. नाजियाचे डोळेही दिसले. आणि तिला हेही नीट माहीत होतं की नाजियाला काय येतं आणि काय येत नाही, कारण स्टूल ओढून तिला शिकवलं होतं तिनंच. एकाच मुलाकडे लक्ष दिलं की त्याचं सगळं कळतं. कुठं धरतं, कुठं सुटतं.

“नाजिया, याच वावराला चारही बाजूंनी कुंपण घालायचं. एकच पदर तार. किती मीटर लागेल?”

नाजियाचा श्वास थांबला. हात केसात गेला. पंखा तिची ओढणी एकाच बाजूला फडफडवत होता. खुशीनं माईक तिच्या तोंडाजवळ नेला, अगदी जवळ.

“हजार,” नाजिया म्हणाली.

लोक हिशोब करत होते. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी रानडुकरांपायी कधी ना कधी वावराला तार लावलेली होती. मग धावजी पोत्यावरून म्हणाले, “हजार मीटर? वावराले घालून राह्यली का पोरी, का बोरी अरबले?”

बाजार फुटला हसून. कांदेवाला हसला, ट्रॅक्टरवाला स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसला. शाळेचे पोट्टे बॅनरच्या मागून आयसीयू, आयसीयू ओरडू लागले. आणि खुशीही हसली. माईक तिच्याच हातात होता, त्यामुळे तिचं हसू भोंग्यातून निघालं आणि एसटी स्टँडपर्यंत गेलं.

मग तिनं उत्तर दिलं. चाळीस दुणे ऐंशी, पंचवीस दुणे पन्नास, एकशे तीस मीटर, आणि गाठी मारायला वरून थोडी. गाठींचं तर तिनं तिथल्या तिथं जोडलं. आता टाळी तिची होती. पूर्ण तिची. गावंडे सरांनीही प्रसंग वाया जाऊ दिला नाही, त्यांनी माईक घेतला आणि लोकांना दोघींकडे पाहायला सांगितलं. ही योजना पूर्ण केलेली विद्यार्थिनी, ही अजून योजनेत असलेली. फरक तुमच्यासमोर आहे.

सरदारभाईंनी फरक पाहिला होता. त्यांनी पंखा बंद केला, वायर कोपराभोवती नीट गुंडाळली. खुशी खाली उतरली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तू तं मास्तरीणच झाली, बेटा.” ते मनापासून म्हणाले. त्यांना शपथेचं काही ठाऊक नव्हतं.

खुशी नाजियाजवळ गेली. म्हणाली, सोपंच तर होतं वो, तुले येईन असं वाटलं म्हणून विचारलं.

“हाव,” नाजिया म्हणाली, आणि पंख्याचा एक पाय उचलून अब्बूंच्या मागे निघाली.

जूनमध्ये ऑटोत नाजियाच्या जागी दोन नवीन पोरं बसली, पहिलीतली, नवीकोरी दप्तरं घेऊन. त्या दिवशीच्या कार्यक्रमातूनच त्यांचे प्रवेश झाले होते. पहिल्याच आठवड्यात त्यातल्या एकानं खुशीला विचारलं, ताई, तार किती लागते? आणि दुसरा ओरडला, हजार. ते आता गावात सगळ्यांनाच येत होतं. नाजिया उर्दू शाळेत बहिणीबरोबर जायला निघाली की पानठेल्यावरची पोरं मागून हाक मारायची, ओ हजार मीटर, कुठं चालली कुंपण घेऊन? खुशीच्या कानावर हे आलं. तिनं ते नववीच्या वर्गात सांगितलंही, आवाज काढून, धावजींच्या कांद्याच्या पोत्यासकट, आणि वर्ग असा हसला की बाजूच्या वर्गातल्या मॅडम पाहायला आल्या. रोशनच काय तो तिला एकदा म्हणाला होता, ऑटो गावाबाहेर लागल्यावर, की आता मोठ्यानं कोणी बोलत नाही बाप्पा, गाडी सुनी लागते. खुशी म्हणाली, मी बोलतो न. रोशननं हॉर्न वाजवला, समोर कोणी नव्हतं तरी.

दिवाळीनंतर संस्थेनं राळेगावला नवीन शाखा काढायचं ठरवलं. परत ट्रॉली, परत बॅनर. पण राळेगावचं मूल अजून शाळेत नव्हतंच, आणि आयसीयूतल्या एकाही पेशंटचा बाप पोराला वर पाठवायला तयार होईना. बोरी अरबची गोष्ट त्यांनीही ऐकलेली. सर म्हणाले, मग योजनेआधीची मुलगीही तूच हो, खुशी. तू होतीसच की तशी.

खुशीनं घरी आरशासमोर आधीची खुशी करून पाहिली. तर ती नुसतीच गप्प. खाली मान, हलणारे ओठ. त्याला कोण हसणार? बघण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. मग तिनं डोळे मिटले आणि हात कुठं जातो ते आठवलं.

राळेगावला तिनं माईक डाव्या हातात धरला, उजवा केसात घातला, डोळे मोठे केले आणि म्हणाली, हजार. लोक खुर्च्यांवरून वाकून वाकून हसले. मग ती झटक्यात सरळ झाली, बिल्ला पुढे केला, एकशे तीस. सरांनी व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर टाकला आणि तो दोन दिवसांत सगळ्या तालुक्यात फिरला.

डिसेंबरात खुशीच्या बाबांची विहिरीवरची मोटार जळाली. गव्हाला पाणी द्यायचं चालू होतं, त्यामुळे भरलेली मोटार आणायला बाबा संध्याकाळीच गाडी घेऊन निघाले आणि मागे धरायला खुशीला बसवलं. दुकानाशी आल्यावर तिनं उतरायचंच नाही असं ठरवलं होतं. पण सरदारभाईंनीच हाक मारली, ये मास्तरीण, आत ये, आणि बाबांना घेऊन मोटार चालवून दाखवायला मागे गेले.

नाजिया आत बाकड्यावर बसली होती, शाळेच्याच कपड्यांत, धाकटीकडून काहीतरी लिहून घेत. तिनं धाकटीला घरात पाठवलं. खुशीनं मनात सगळं तयार केलं होतं. सरांनी सांगितलं म्हणून. तुझं नाव नाही घेतलं. नक्कल तुझीच आहे असं कोणाले माहीत. ऑटोत रोज तालीम केल्यासारखं तिनं ते रस्ताभर पाठ केलं होतं.

नाजियानं मोबाईल काढला आणि व्हिडिओ लावला. पूर्ण पाहिला. परत मागे घेतला, एका जागी थांबवला.

“हात चुकला,” ती म्हणाली.

खुशीला कळलं नाही.

“माहा डावा जाते केसात. तू उजवा घातला. आन् श्वास आधी थांबते, हात मागून. तू दोन्ही एकदम केलं.” तिनं मोबाईल बाकड्यावर उपडा ठेवला. “हे पाय.”

आणि ती उभी राहिली. श्वास थांबला. मग डावा हात कानाच्या वर केसात गेला, बोटं आत अडकली, डोळे कुठंतरी पुढं, पहिल्या रांगेत, पांढऱ्या सदऱ्यावर जाऊन थांबले. ओठ हलले. ती काही बोललीही नाही. इतकं हुबेहूब होतं की खुशीला हसू आलं, ऑटोत यायचं तसं, आवरायच्या आधीच.

नाजिया हसली नाही. हात खाली घेतला आणि वहीकडे वळली.

“आता जमन तुले,” ती म्हणाली.

मागे मोटार सुरू झाली, नवीन तारेचा गोड एकसारखा आवाज आला आणि बाबांनी हाक मारली. खुशी मोटार मांडीवर घेऊन गाडीवर बसली. गरम होती मोटार, घरी येईपर्यंत गरम राहिली.

जानेवारीत पुढच्या गावी ट्रॉली लागली. सरांनी नाव पुकारलं, भोंग्यातून टाळ्यांची सूचना झाली. पायरीवर पाय ठेवण्याआधी खुशीनं माईक उजव्या हातात घेतला आणि डावा मोकळा ठेवला.